तरीवरचे घर
मराठी साहित्यातील नावाडी आणि त्याचे हरवलेले कुटुंब

१९९८ साली मी एका छोट्या नियतकालिकात माझ्या थोरल्या मामावर लेख लिहिला होता. उल्हास खाडीच्या पलीकडच्या काठावर, डोंबिवलीच्या मोठागावासमोर भिवंडी तालुक्यात एक लहानसा दगडी धक्का होता. मामाची तर तिथून चालायची. लेखात मी मामाला ‘खाडीचा एकटा राजा’ म्हटले होते. पहाटेचे धुके, वल्ह्याचा आवाज, खारफुटीतले बगळे आणि काठीवर रेललेला अबोल माणूस असे सगळे त्यात होते. लोकांना लेख आवडला. दोन-तीन वाचकांची कौतुकाची पत्रेही आली.

तो लेख मी मामीला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “बरा लिवलंस गो बाय. पन तुजा मामा एकलाच व्हता का? मंग भाकऱ्या कोन थापीत व्हता?”

मी हसले, तीही हसली आणि विषय तिथेच राहिला. पण समीक्षेचा धंदा करणाऱ्या माणसाला एखादा प्रश्न सोडत नाही, तसे या प्रश्नाचे झाले. मामाच्या धक्क्यावर मी सुट्टीतले अनेक दिवस काढले होते. मामी काय काय करायची हे डोळ्यांनी पाहिले होते. तरीही लिहायला बसले तेव्हा ती लेखात आलीच नाही. मी तिला ठरवून वगळले नव्हते. ‘नावाडी’ म्हटल्यावर माझ्या मनात एक तयार चित्र होते आणि त्या चित्रात दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. ते चित्र मला दिले कोणी, याचा शोध म्हणजे प्रस्तुत लेख.

धक्क्यावरचा संसार

आधी त्या घरात काय चालत असे ते सांगते. त्याशिवाय साहित्यात काय सुटले हे कळणार नाही.

मामाची तर हा व्यवसायाचा फक्त एक भाग होता. धक्क्याला दुसऱ्यांच्या होड्याही बांधलेल्या असत. रेतीच्या, विटांच्या, पेंढ्याच्या होड्या भरतीची वाट पाहत थांबत. त्यांची राखण करायची, पावसाचे साठलेले पाणी उपसायचे, भरती-ओहोटीप्रमाणे दोर सैल किंवा आखूड करायचे, रात्री कंदील लावायचा, खलाशांना प्यायचे पाणी आणि जेवण द्यायचे ही कामे त्या घराकडे होती. आज श्रीमंतांच्या नौकांसाठी जे करतात आणि ज्याला मरीना म्हणतात, तेच काम एका कुडाच्या घरातून अगदी लहान प्रमाणावर चालत होते. पाणी भरणे, भाकऱ्या, कंदील, उपसा आणि हिशेब मामीकडे. पलीकडच्या काठावरून हाक आली की ती ऐकण्याचे काम मुलांचे. मामा वल्हे मारायचा. म्हणजे पाच माणसांच्या धंद्यातले जे काम लांबून दिसते, ते मामाचे होते.

घराचे घड्याळ पाण्यावर चाले. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे जेवणाच्या आणि झोपेच्या वेळाही सरकत. मामी शाळेत दोनच वर्षे गेली होती, पण तिला पाऊणकी पाठ होती. तिथीला पाऊणकीने गुणायचे आणि येईल तो आकडा बारानंतर मोजायचा, की मुंबई बंदरातल्या भरतीची वेळ मिळते. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, पंचमीला पावणेचारला, अष्टमीला सहाला. आमच्या धक्क्यापर्यंत पाणी यायला आणखी वेळ लागे, तो ती अंदाजाने मिळवायची. उधाणाला होडी थेट धक्क्याला लागे. भांगाच्या दिवसांत ओहोटीला चिखल उघडा पडे आणि उतारूंसाठी फळ्या टाकाव्या लागत. त्या फळ्या टाकायच्या आणि धुवून परत उचलायच्या हेही मामीचेच काम.

या सगळ्याची तिची एक वही होती. अक्षर कमी, खुणा जास्त. कोणाची होडी किती दिवस बांधली होती, कोणाचे भाडे बाकी आहे, शाळेच्या मुलांचे महिन्याचे पैसे कोणत्या घरातून यायचे आहेत, हे सारे त्या वहीत होते. २६ जुलै २००५ च्या पुरात घरात पाणी शिरले, त्यात ती गेली. धक्क्यावरच्या संसाराचा एवढा एकच लेखी पुरावा माझ्या पाहण्यात होता. मी लेख लिहिला तेव्हा ती वही जाग्यावर होती. मी उघडून पाहिली नाही.

बंदर, रेल्वे आणि तर

कल्याण-ठाण्याला पाण्याचा इतिहास सांगायची गरज नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणारे कल्याणचे रहिवासी आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात या खाडीच्या परिसरात झाली. दुर्गाडी किल्ल्यावरून आजही ती खाडी दिसते.

मोठ्या बंदराचा हा इतिहास आपण शाळेत शिकतो. नंतर १८५३च्या एप्रिलमध्ये रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि १८५४च्या मे महिन्यात खाडी ओलांडून कल्याणला पोहोचली. इथे आपल्या मनातला पाण्याचा इतिहास संपतो आणि लोहमार्गाचा सुरू होतो. पण रेल्वे खाडीच्या एका बाजूने पुढे गेली. समोरच्या काठावरची गावे होती तिथेच राहिली. त्यांना बाजार, शाळा, दवाखाना आणि पुढे लोकल गाडी गाठायची तर पाणी ओलांडणे भागच होते. बंदराचे महत्त्व कमी झाले, तरीही तरीची गरज कायम राहिली. डोंबिवली जसजशी वाढली, तसतशी ती काही काळ वाढलीसुद्धा. स्टेशनपासून काही किलोमीटरवर असलेले मामाचे घर दुर्गम होते असे सांगितले तर आज कोणाला खरे वाटणार नाही. पण पावसाळ्यात संध्याकाळची शेवटची खेप गेली की पलीकडचा दवाखाना सकाळपर्यंत मिळत नसे. याहून वेगळी दुर्गमता कोणती असते?

सरकारला या व्यवसायाची दखल फार लवकर घ्यावी लागली. मुंबई इलाख्यात तरींसाठीचा कायदा १८६८ सालचा आहे. तरीचा मक्ता लिलावाने द्यायचा, दर ठरवायचे, असा त्याचा व्यवहार. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रस्ते आणि पुलांच्या जोडीने तरींचीही नोंद आहे. म्हणजे महसुली दप्तरात तर आहे, मक्तेदार आहे, दर आहेत. घर नाही. दप्तराकडून ती अपेक्षाही नसते. ती साहित्याकडून असते.

शब्दांनी काय जपले

साहित्याकडे वळण्यापूर्वी भाषेकडे पाहू. मराठीने तरीचा हा व्यवहार आपल्या पोटात खोलवर साठवला आहे. रेल्वेच्या प्रवाशाला आपण ‘उतारू’ म्हणतो. तो शब्द मुळात पाणी उतरून पलीकडे जाणाऱ्याचा. अडचणीतून सुटायची वाट म्हणजे ‘तरणोपाय’, वाचवणारा ‘तारणहार’ आणि वाचला तो ‘तरला’. आणखी एक शब्द सावकाराच्या वहीत आहे. तो म्हणजे ‘तारण’. कर्जासाठी दागिना ठेवला, तर तो तारण. पावसाळ्यात तर बंद असे. होडीला डांबर आणि नव्या फळ्या लागत, आणि मामीची पाटली दरवर्षी तारण जात असे. दिवाळीच्या आसपास ती परत येई.

भाषेने मोक्ष आणि गहाणखत अशी दोन्ही टोके सांभाळली. साहित्याने मात्र त्यांतले पहिलेच उचलले. माझा मुद्दा थोडक्यात सांगायचा तर हाच आहे. संतवाङ्मयापासून भवसागर, नौका आणि तारू ही रूपके इतकी रुजली आहेत, की वल्हे हातात घेतलेला माणूस दिसला की आपल्याला तो पैलतीराला नेणारा वाटू लागतो. संध्याकाळी त्याचे किती पैसे जमले, हे विचारायचे सुचत नाही.

केवट, सत्यवती आणि वासुदेव

पण हे रूपकांच्या परंपरेनेच घडवले, असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. मूळ ग्रंथांकडे गेले की उलटेच काही सापडते.

तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’तल्या अयोध्याकांडात केवटाचा प्रसंग आहे. रामाच्या पायधुळीने शिळेची स्त्री झाली, तशी माझी नावही स्त्री झाली तर काय करू, अशी तक्रार तो करतो. या एका नावेवर माझा सारा परिवार पोसला जातो आणि मला दुसरा धंदा येत नाही, हे तो स्पष्ट सांगतो. मग पाय धुतो आणि ते तीर्थ एकटा घेत नाही, कुटुंबासह घेतो. पलीकडे पोहोचल्यावर उतराईचा प्रश्न येतो. रामाजवळ द्यायला काही नाही. सीता बोटातली अंगठी काढते. केवट ती घेत नाही, परतताना द्याल ते घेईन म्हणतो. या प्रसंगाचा भक्तिरस सर्वांना माहीत आहे. पण त्यात उपजीविकेची काळजी, कुटुंब, भाडे आणि उधारी हेही सगळे आहे, आणि घरखर्चाची जाण सीतेला आहे. तुलसीदासांना भक्ती दाखवण्यासाठी घर पुसून टाकावे लागले नाही. आपल्या ‘गीतरामायणा’त (१९५५-५६) हाच गंगा ओलांडण्याचा प्रसंग येतो, तेव्हा गदिमांचे नावाडी नौकेला आणि गंगेला उद्देशून गातात. ते गीत गोड आहेच. पण परिवार आणि उतराई हे विषय तिथे उरलेले नाहीत.

महाभारताचेही असेच आहे. आदिपर्वात शंतनू सत्यवतीला तू कोण, काय करतेस असे विचारतो. मी दाशकन्या, पित्याच्या आज्ञेवरून धर्मार्थ तर चालवते, असे ती उत्तर देते. ‘धर्मार्थ’ या शब्दावर मी अनेकदा थांबले आहे. घरची मुलगी धंद्यात काम करते तेव्हा त्या कामाला मोल नसते, त्याला कर्तव्य म्हणतात. मामीच्या दोन्ही मुली धर्मार्थच फळ्या उचलत होत्या. पुढे दाशराज शंतनूपुढे अट घालतो, ती आपल्याला लोभी बापाची वाटते. पण कर्त्या हाताची मुलगी घरातून जाणार, हे एकदा लक्षात घेतले की त्याच्या सौदेबाजीत धंदेवाल्याची सावधगिरीही दिसते. वसंत कानेटकरांनी १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ हे नाटक लिहिले. सत्यवतीला त्यांनी मोठी नायिका केले. तिचा दुखावलेला स्वाभिमान, महत्त्वाकांक्षा आणि देवव्रताची प्रतिज्ञा हा त्यांचा विषय. अभिषेकीबुवांच्या संगीतासह ते नाटक लोकांनी डोक्यावर घेतले. पण त्यात यमुनेचा काठ नायिकेला राजवाड्याकडे नेणाऱ्या पायरीसारखा येतो. ती निघून गेल्यावर त्या तरीचे काय झाले, हा प्रश्न नाटकाला पडत नाही.

तिसरे उदाहरण परदेशातले आहे, पण आपल्याकडे फार वाचलेले. हेर्मान हेसेच्या ‘सिद्धार्थ’मधला (१९२२) वासुदेव नावाडी. नदीकडून ऐकायला शिकलेला, शांत, एकटा. ही कादंबरी मी तरुणपणी वाचली होती आणि मामावरच्या लेखात वासुदेवाचीच छाया होती, हे आज मला कबूल केले पाहिजे. तीच कादंबरी मामीचा प्रश्न मनात ठेवून परत वाचली, तेव्हा दोन तपशील नव्याने दिसले. वासुदेवाला एके काळी बायको होती, तिचे अंथरूण त्याच्या शेजारी होते आणि ती कधीच वारली आहे, हे हेसे ओझरते सांगून टाकतो. म्हणजे नावाडी ज्ञानी व्हावा म्हणून कादंबरी सुरू होण्याआधीच त्याचे घर रिकामे केलेले आहे. दुसरा तपशील भाड्याच्या टोपलीचा. सिद्धार्थाचा मुलगा पळून जातो तेव्हा होडी नेतो आणि ज्या छोट्या टोपलीत भाड्याची तांब्या-चांदीची नाणी ठेवत, तीही नेतो. हे दोघे उतारूंकडून पैसे घेत होते आणि ते टोपलीत साठत होते, हे वाचकाच्या ध्यानात येते ते टोपली चोरीला गेल्यावर! धक्क्यावरच्या घरातले मूल तिथून का पळते, याचा विचार हेसे करतो, पण बापाच्या दुःखाच्या अंगाने. रोज तेच पाणी आणि तीच हाक यांना कंटाळलेल्या मुलाच्या अंगाने नाही. माझा मामेभाऊ सतराव्या वर्षी एका कारखान्यात लागला, तेव्हा त्याने पहिल्या पगारातून घड्याळ घेतले. “आता मना भरती इचारायला नको,” असे तो म्हणाला होता.

मराठीत पाणी आहे, धक्का नाही

मराठी कथा-कादंबरीत पाणी नाही, असे कोणी म्हणणार नाही. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये (१९८७) जगबुडी नदी चार पिढ्यांची साक्षीदार आहे. पण ते घराणे खोतांचे, नदी त्यांच्या उदयास्ताची पार्श्वभूमी. मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’त (१९६९) खाडी म्हणजे शहराने बाहेर टाकलेल्या माणसांची वस्ती. ते चित्र महत्त्वाचे आणि धाडसी होते, पण तिथेही पाणी उपजीविका देत नाही. शांता शेळके यांच्या कोळीगीतांनी दर्याला घराघरांत आणले. त्यांत नाखवा आहे, डोलकर आहे, वाट पाहणारी बायको आहे. वाट पाहणे हे तिचे काम मानलेले आहे. मामी वाट पाहत बसत नसे, तिला तेवढा वेळच नसायचा.

डोंबिवलीच्या आमच्या साहित्यिक परंपरेत शं. ना. नवरे यांच्यासारखा कथाकार झाला. मध्यमवर्गाच्या घरातले लहान लहान क्षण त्यांनी हळुवार हाताने टिपले. त्या जगाची वाहिनी लोकल गाडी होती आणि ते स्वाभाविक होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे. २०१०चे अखिल भारतीय साहित्य संमेलन ठाण्यात झाले, २०१७चे डोंबिवलीत. वाचनाची इतकी जुनी परंपरा असलेल्या या पट्ट्यात खाडीकडे पाठ करून पुस्तके वाचली गेली, असे मी म्हणते ते स्वतःला धरून. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून खाडी दिसत असे. आम्ही तिच्याकडे पाहत असू ते सूर्यास्तासाठी.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी या बाबतीत मराठीला मोठा धडा दिला. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) या पुस्तकांत काम आणि घर वेगळे करता येत नाही. ‘उपरा’तल्या कैकाडी कुटुंबाची गाढवे, टोपल्या, चूल आणि भूक एकाच वाक्यात येऊ शकतात, कारण लेखक त्या घरातून आला आहे. तरीवरच्या घरातून असे पुस्तक अजून आले नाही. आणि बाहेरून लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी बगळे लिहिले.

ज्यांनी घर पाहिले

हे लिहिता येते, याचा पुरावा शेजारी आहे. माणिक बंदोपाध्याय यांच्या ‘पद्मा नदीर माझी’ (१९३६) या बंगाली कादंबरीत कुबेर रात्रभर हिलसा पकडतो. होडी आणि जाळे धनंजयचे, म्हणून निम्मा वाटा त्याचा. उरलेल्या निम्म्यात कुबेर आणि गणेश. त्यात मासे मोजतानाही फसवणूक. हा हिशेब कादंबरीच्या आरंभीच येतो, आणि त्यामुळे पुढे कुबेराच्या घरातली पायाने अधू असलेली माला, मुले, मेहुणी कपिला यांच्याकडे आपण त्या हिशेबासह पाहतो. कुबेराच्या मनातली ओढ आणि त्याची लाचारी या दोन्हींचे मूळ त्या वाट्यात आहे. नदीचे सौंदर्य तिथेही आहे, पण ते आयते मिळत नाही.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांची ‘ऑफशोअर’ ही लहानशी कादंबरी १९७९ची, बुकर मिळालेली. लंडनमध्ये थेम्सच्या काठाला बांधलेल्या जुन्या पडावांवर राहणाऱ्या लोकांची ही गोष्ट. लेखिका स्वतः मुलांसह अशा पडावावर राहिली होती आणि तो पडाव बुडाला होता. कादंबरीतली नेना दोन मुलींना घेऊन पडावावर राहते. नवरा तिथे राहायला तयार नाही. ओहोटीला मुली चिखलात उतरतात, जुन्या सुंदर फरशा शोधतात आणि दुकानात नेऊन विकतात. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते. कारण मामाच्या धाकट्या मुली ओहोटीला चिखलात उतरून खेकडे आणि पडलेल्या विटा गोळा करत. शहराला लागून असलेल्या पाण्यावर राहणे म्हणजे शहरात असूनही नसणे, हे फिट्झजेराल्ड यांनी तत्त्वज्ञान न सांगता दाखवले. गळणारा तळ, ओलसर कपडे, शाळेला जायची टाळाटाळ, शेजाऱ्याच्या होडीची काळजी यांतूनच सगळे उलगडते.

या दोन्ही पुस्तकांत नावाडी एकटा नाही. त्यामुळे त्याचे गूढ कमी झाले असेल, पण तो मोठा वाटतो.

एक आक्षेप

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साहित्य म्हणजे जनगणना नव्हे. प्रत्येक धंद्याची कादंबरी हवी असा हट्ट धरला तर टीका म्हणजे तक्रारींची यादी होईल. शिवाय पैलतीराचे रूपक खोटे नाही. मामीच गळ्यात माळ घालायची, एकादशी करायची आणि तिला भवसागराचे अभंग पाठ होते.

हे मला मान्य आहे. म्हणूनच माझा आग्रह विषयाबद्दल नाही, पाहण्याबद्दल आहे. रूपक वापरणारा लेखक पाण्यापर्यंत गेला असेल तर रूपक जिवंत राहते. केवटाच्या प्रसंगात तसे झाले आहे. परिवार पोसायचा आहे हे माहीत असल्यामुळेच अंगठी नाकारण्याला वजन येते. ज्याला घरच नाही, त्याच्या भाडे नाकारण्यात कसला त्याग? घर काढून टाकल्याने रूपक उंच होत नाही, पोकळ होते. माझ्या १९९८च्या लेखाचा दोष नेमका हाच होता. मामाने अनेकदा गरोदर बाईला किंवा आजारी माणसाला रात्री फुकट पलीकडे नेले, हे मी मोठ्या कौतुकाने लिहिले होते. त्या रात्री कंदील धरून होडीच्या टोकाला कोण उभे असे आणि दुसऱ्या दिवशी वहीतल्या उधारीचा मेळ कोण घालत असे, हे लिहिले असते तर मामाचे औदार्य दुप्पट खरे झाले असते. ते औदार्य दोघांचे होते.

आता हे का लिहायचे

मामाची तर बंद झाली त्याला बरीच वर्षे झाली. रेतीच्या उपशावर २०१० नंतर न्यायालयाचे निर्बंध आले, तेव्हा होड्याही कमी झाल्या. मोठागाव-माणकोली पुलाने आता तासाभराचा वळसा काही मिनिटांवर आणला आहे. पुलाविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही. मामीला रात्री छातीत दुखू लागले, तेव्हा तो पूल असता तर फार बरे झाले असते.

दुसरीकडे पाणी पुन्हा चर्चेत आले आहे. २०१६च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली इथल्या जेट्टींच्या योजना वर्तमानपत्रांत येत असतात. २०२४च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाली. ती चालवणाऱ्या सुवर्णदुर्ग शिपिंगने २००३ साली दाभोळ-धोपावे फेरीपासून सुरुवात केली होती. कोकणच्या खाड्यांत तर मेलेली नाही, तिने रूप बदलले आहे. उद्या आमच्या खाडीतही तिकीटघर असलेली स्वच्छ जेट्टी होईल. तेव्हा तिच्यावर लेख येतील आणि त्यांत प्रवासी-क्षमता, खर्च आणि वाचणारा वेळ असेल. ते दप्तराचे लेखन झाले. कोणी तरुण कवी तिथल्या सूर्यास्तावर लिहील, ते माझ्या १९९८च्या लेखाचे भावंड असेल. या दोन्हींच्या मध्ये जी जागा रिकामी आहे, ती भरायची वेळ आता थोडीच उरली आहे. चेंदणीपासून कल्याणच्या रेतीबंदरापर्यंत ज्यांनी हे घर चालवले, त्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्या वह्या बहुतेक पाण्यात गेल्या, पण पाऊणकी अजून त्यांच्या तोंडात आहे.

मामी २०११ साली गेली. त्याआधी एका उन्हाळ्यात मी तिच्याजवळ चार दिवस राहिले आणि तिला आठवेल ते उतरवून घेतले. कोणत्या होडीला किती दिवसांचे किती पैसे, सात माणसांच्या खलाशी मंडळीला किती भाकऱ्या लागत, कोणत्या महिन्यात पाटली जाई आणि कोणत्या महिन्यात परत येई. चाळीस पाने झाली. ती साहित्य नाही, हे मला माहीत आहे. पण मामाचा लेख पुन्हा लिहायला बसेन, तेव्हा सुरुवात त्या पानांपासून करीन. पहिल्या पानावर तिच्या सांगण्यावरून मी फक्त एक आकडा लिहिला आहे. सकाळच्या पहिल्या खेपेआधी थापलेल्या भाकऱ्यांचा. बावीस.